इरॅस्मसच्या हातांखालचे पुस्तक: बाईंना अनावृत आभारपत्र

आदरणीय बाई,

सादर नमस्कार.

धाकट्या हान्स होल्बाइनने १५२३ साली रंगवलेल्या, डच विद्वान इरॅस्मसच्या व्यक्तिचित्रावरचा माझा निबंध आपण परत केलात, तेव्हा समासात एवढेच लिहिले होते: ‘चेहरा पुरे, आता हातांखाली पाहा.’ नंतरच्या रविवारी आपण दोन तास माझ्याबरोबर छापील चित्रावर भिंग धरून बसलात, त्याबद्दल हे जाहीर आभार.

झुकलेल्या पापण्या, मिटलेले ओठ, फरच्या अस्तराचा झगा आणि बंद पुस्तकावर टेकलेले हात एवढ्यावरून मी त्याला कृतार्थ, विसावलेला विद्वान ठरवले होते. पॅरिसच्या लूव्र संग्रहालयातल्या त्याच वर्षीच्या चित्रात तो लिहिताना दिसतो, म्हणून ते कामाचे चित्र आणि हे विश्रांतीचे, अशी सोयीची विभागणीही केली होती. भिंगाखाली पुस्तकाच्या कडेवरची ग्रीक अक्षरे दिसू लागली आणि आपण ती माझ्याकडून एकेक करून वाचून घेतलीत: ‘हर्क्युलिसचे श्रम’, म्हणजे ग्रीक पुराणकथांतल्या वीराची अचाट कष्टाची कामे. याच म्हणीवर इरॅस्मसने आपल्या ‘अडाजिया’ या म्हणींच्या संग्रहात दीर्घ निबंध लिहिला आहे आणि जुन्या, सदोष ग्रंथांतून म्हणी वेचणाऱ्याचे कष्ट वाचकाला दिसतच नाहीत, ही खंत त्यात मांडली आहे, हे आपण सांगितलेत तेव्हा ते हात मला वेगळेच दिसले. १५१६ साली बायबलचा ग्रीक नवा करार आणि बायबलचा लॅटिन अनुवाद करणाऱ्या संत जेरोमचे ग्रंथ संपादून छापणाऱ्या, त्यावरची टीका सोसणाऱ्या माणसाने ते श्रम आपल्यासमोर ठेवले आहेत. होल्बाइनने त्याच्या हातांची स्वतंत्र रेखाटने केली होती, याचे महत्त्वही मला तेव्हाच कळले.

मागच्या फळीवरच्या पुस्तकावर चित्रकाराने लॅटिन ओळी घातल्या आहेत. माझे अनुकरण करण्यापेक्षा मला नावे ठेवणे सोपे, असा त्यांचा आशय. विद्वानाच्या दाव्याशेजारी त्याने आपल्याही मेहनतीचा दावा नोंदवला, असे मला वाटते, आणि या वाचनाला आपण मोकळेपणाने दाद दिलीत, याचा आनंद मोठा आहे.

निबंध आता हातांपासून सुरू होतो. प्रत सोबत जोडली आहे. फळीवरच्या काचेच्या सुरईला शुद्धतेचे प्रतीक मानायला मात्र माझे मन अजून धजत नाही. त्यासाठी भिंग घेऊन पुन्हा येण्याची परवानगी असावी.

आपली कृतज्ञ विद्यार्थिनी