डोंगरात निघण्याआधी

चि. सायली,

अनेक आशीर्वाद.

रजा मंजूर झाली, तिकिटं निघाली, मैत्रिणींचंही जमलं हे वाचून आईला आणि मला फार बरं वाटलं. वर्षभर तू जेवढं राबली आहेस, त्यानंतर ही सुट्टी तुला मिळायलाच हवी होती. तू पाठवलेला कार्यक्रम नीट वाचला. बाकी सगळं छान जुळवलं आहेस, पण पहिले दोन दिवस मला पटलेले नाहीत. फोनवर बोललो तर तू ‘हो बाबा’ म्हणशील आणि विषय तिथेच संपेल, म्हणून सविस्तर लिहितो आहे.

पहिल्या दिवशी गाडीने थेट 3200 मीटरवर मुक्काम आणि दुसऱ्या दिवशी पहाटे खिंडीची चढाई, असं तुम्ही ठरवलं आहे. यात दिवस वाचतात हे खरं, पण शरीराला नेमके तेच दिवस हवे असतात. उंचावरही हवेत ऑक्सिजन 21 टक्केच असतो. उतरतो तो हवेचा दाब. 3000 मीटरवर तो समुद्रसपाटीच्या साधारण 70 टक्के राहतो, त्यामुळे प्रत्येक श्वासागणिक जवळजवळ एक तृतीयांश ऑक्सिजन कमी मिळतो. फ्रेंच शास्त्रज्ञ पास्कलच्या सांगण्यावरून त्याच्या मेहुण्याने, पेरिएने, 1648 साली हवेचा दाब दाखवणारी पाऱ्याची नळी घेऊन फ्रान्समधला प्यूय द दोम डोंगर चढून पाहिला. पायथ्याशी दुसरी नळी ठेवून तिच्यावर एका धर्मगुरूला दिवसभर नजर ठेवायला सांगितली होती. खालचा पारा हलला नाही, माथ्यावरचा सुमारे 3 इंच खाली आलेला दिसला. आणि तो डोंगर 1500 मीटरही उंच नाही. तुमचा पहिला मुक्काम त्याच्या दुपटीहून वर आहे!

विरळ हवेशी जुळवून घ्यायला शरीराला वेळ द्यावा लागतो. श्वासाची गती वाढते, लघवीला जास्त वेळा जावं लागतं, पहिल्या रात्री झोप तुटक लागते. एवढं सगळ्यांनाच होतं, त्याने घाबरू नका. पण वर पोचल्यावर काही तासांनी डोकं दुखायला लागलं आणि सोबत मळमळ, चक्कर किंवा अन्नावरची वासना उडणं असं काही असलं, तर तो उंचीचा त्रास समजायचा आणि तिथून वर एक पाऊलही टाकायचं नाही. आराम करून उतार पडला नाही तर खाली यायचं. चालताना तोल जायला लागला, बोलणं असंबद्ध झालं किंवा बसल्या जागी धाप लागली, तर सकाळची वाटही बघायची नाही. त्या माणसाला एकटं न सोडता लगेच खाली आणायचं. तू रोज पळतेस, दमसास चांगला आहे, पण त्याने हा त्रास टळत नाही. धडधाकट माणसं उलट जोरात चढतात आणि आधी आजारी पडतात.

म्हणून माझं म्हणणं असं, की पहिली रात्र 2000 ते 2500 मीटरच्या दरम्यान काढा. दुसऱ्या दिवशी 3200 ला पोचा आणि तिथे दोन रात्री राहा. मधल्या दिवशी थोडं वर फिरून झोपायला परत खाली या. 3000 मीटरच्या पुढे झोपण्याची जागा एका दिवसात 500 मीटरहून जास्त वर नेऊ नये, हा डॉक्टरांचा सल्ला आहे. याला दोन दिवस जास्त लागतील. शेवटच्या दिवसाची खरेदी गाळलीत की त्यातला एक निघतो, दुसरा कुठून काढायचा ते तुम्ही बघा. उंचीसाठी गोळी मिळते, पण ती आपल्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय घ्यायची नाही. तुला पूर्वी कोणत्या औषधाने पुरळ आलं होतं, ते त्यांना आठवणीने सांग.

आता बूट. नवे घेणार असशील तर याच आठवड्यात घे आणि संध्याकाळी घ्यायला जा, कारण दिवसभरात पाय थोडे सुजलेले असतात. जाड मोजे घालून, नाडी न बांधता पाऊल पुढे सरकव. टाचेमागे एक बोट सहज गेलं पाहिजे. उतरताना बोटं पुढे आदळतात, तिथे जागा नसली तर नखं काळीनिळी पडतात. नखं आधीच कापून ठेव. मग ते बूट घालून रोज जिने चढ आणि उतर, पाठीवर प्रवासातली सॅक भरून. उतरण्याचा सराव कोणी करत नाही, आणि मांड्या भरून येतात त्या उतरतानाच. टाचेवर तांबूस डाग दिसला, जरा चुरचुरलं, की तिथेच थांबून चिकटपट्टी लावायची. पुढच्या वळणावर लावू म्हटलं की फोड आलाच.

कपड्यांचं थोडक्यात सांगतो. दर 1000 मीटरला तापमान सरासरी साडेसहा अंशांनी उतरतं. खाली 38 असलं तरी तुमच्या मुक्कामी दुपारी 17-18 आणि रात्री त्याहून बरंच कमी. अंगालगत सुती बनियन नको, घामाने भिजलं की वाळत नाही आणि थांबल्याबरोबर हुडहुडी भरते. एक जाड कोट नेण्यापेक्षा पातळ कपडे एकावर एक घाल. ऊन मात्र खालच्यापेक्षा कडक लागेल, कारण दर 1000 मीटरला अतिनील किरणं साधारण दहा टक्क्यांनी वाढतात. बर्फ असला तर खालूनही परततात, तेव्हा हनुवटीखाली आणि नाकाच्या टोकाखालीही मलम लाव. काळा चष्मा विसरू नको.

खिंडीचा हिशेब मी करून पाहिला. नेस्मिथ नावाच्या स्कॉटिश गिर्यारोहकाने 1892 साली एक ठोकताळा दिला. दर 5 किलोमीटरला एक तास, आणि दर 600 मीटर चढाईला आणखी एक तास. तुमचे 9 किलोमीटर आणि 900 मीटर चढाई म्हणजे सव्वातीन तासांच्या वर, तेही न थांबता आणि तरबेज माणसाला. तुम्ही जातानाचे पाच तास धरा. उन्हाने तापलेली हवा वर चढते आणि दुपारनंतर डोंगरावर ढग गोळा होतात, विजा कडाडतात. पहाटे निघा आणि दुपारच्या आत खिंडीवरून खाली लागा. बारा वाजेपर्यंत माथा आला नाही तर जिथे असाल तिथून परत. हे आदल्या रात्री सगळ्यांनी मिळून कबूल करा, कारण माथा समोर दिसायला लागला की कोणी ऐकत नाही.

तुमच्यात जी सगळ्यात हळू चालते तिला पुढे ठेवा. मागे राहिली की ती संकोचाने काही बोलणार नाही, आणि डोकं दुखत असलं तरी लपवेल. दर मुक्कामी तूच प्रत्येकीला विचार, डोकं कसं आहे, जेवलीस का, झोप लागली का.

बदललेला कार्यक्रम रविवारपर्यंत पाठव. कोणत्या दिवशी फोन लागणार नाही तेही त्यात लिही, म्हणजे आई उगीच काळजी करत बसणार नाही. डॉक्टरांची वेळ मी घेऊन ठेवतो, तुला कोणता दिवस जमेल तेवढं कळव.

तुझा,
बाबा