ताप उतरल्यावर उठलेले पुरळ

राळेगाव, आश्विन

प्रिय वसंता,

सप्रेम नमस्कार. माझी साखर ताब्यात आहे, गुडघे नाहीत. पत्राचे कारण मात्र वेगळे आहे, आणि ते दुसऱ्या कोणाला सांगायचे झाले तर तापात गेलेल्या आपल्या बाळ्यापासून सुरुवात करावी लागेल.

धाकट्याच्या मुलीला डेंग्यू झाला. तापाने पोर चार दिवस नुसती भाजत होती. मग एका सकाळी अंग गार लागले, तिने भाकर मागितली आणि घरातल्या सर्वांनी सुटकेचा श्वास सोडला. दुसऱ्या दिवशी पाठ, हात, पाय सारे लाल झाले. मोठ्या आईने पाहताक्षणीच निकाल दिला की माता निघाली. आता आंघोळ नाही, औषध नाही, दाराला कडुलिंबाचा डहाळा बांधा. देवीचा रोग जगातून गेल्याचे १९८० सालीच जाहीर झाले आहे, असे मी म्हणालो, तेव्हा ती म्हणाली, "जाहीर करणाऱ्याले आपल्या गावाचा पत्ता कुठी माहीत हाय!" यावर कोण काय बोलणार?

मला हसू आले, पण पुढचे वाक्य ऐकून ते जिरले. "उष्णता बाहेर पडली, पोरगी सुटली," असे ती म्हणाली. बाळ्याच्या वेळीही हेच शब्द होते, आणि त्याच शब्दांवर दवाखान्याकडे निघालेली बंडी नाल्यावरून परत फिरली होती. तो गोवर होता असे तू आजही म्हणतोस, ते मला कधीच पटलेले नाही. गोवरात आधी नाक वाहते, डोळे लाल होतात, पुरळ कपाळावरून आणि कानामागून सुरू होऊन खाली उतरते, आणि ते उठत असताना ताप चढलेलाच असतो. बाळ्याचे अंग तर गार पडले होते. तुझ्याच हाताला ते लागले होते.

डेंग्यूची खोड अशी की ताप उतरतो तेव्हाचे एक-दोन दिवसच सर्वांत धोक्याचे असतात. रक्तवाहिन्यांतून द्रव पाझरू लागतो आणि रक्त घट्ट होते. म्हणून डॉक्टर केवळ प्लेटलेट पाहून थांबत नाहीत, रक्ताचा घट्टपणाही मोजतात. पोटात जोराने दुखणे, उलट्या न थांबणे, हिरड्यांतून रक्त येणे, मूल सुस्त पडणे, यांपैकी काहीही दिसले तर रात्र असली तरी निघावे लागते. बरे होतानाचे पुरळही याच सुमारास उठते. त्यामुळे पुरळ हा ना देवीचा कौल, ना बरे झाल्याचा दाखला. मी काचेचा पेला तिच्या दंडावर दाबून पाहिला. लाली नाहीशी झाली. दाबूनही जे ठिपके जात नाहीत ते कातडीखाली उतरलेले रक्त असते, आणि मी रात्री बॅटरी घेऊन तेच शोधत बसलो होतो. सुनेला वाटले, सासऱ्यालाच ताप चढला.

तुझ्या मावसभावाने अंगदुखीसाठी आयब्रुफेन आणून दिली, ती मी परत केली. या आजारात रक्तस्रावाची भीती असल्यामुळे ती आणि ॲस्पिरिन दोन्ही वर्ज्य, पॅरासिटामॉल तेवढी चालते. तो रुसला आहे. लोकांनी गावातील पपईची झाडे मात्र पानांसाठी बोडकी केली आहेत.

आता तिच्या लाल कातडीत मधे मधे पांढरे चट्टे दिसतात, तळहात-तळपाय इतके खाजतात की झोप लागत नाही, आणि हे बरे होण्याचेच लक्षण आहे असे डॉक्टर म्हणतात. मला ते पटते. तरी रोज सकाळी मी तिच्या कपाळाला हात लावतो आणि ते गार लागले की माझ्याच पोटात गोळा येतो. हे घरात कोणाला सांगता येत नाही, वसंता.

तुझ्या ओलिताचे भांडण मिटले का? वहिनींच्या डोळ्याचे ऑपरेशन झाले असेलच, सविताला आशीर्वाद. आणि तुझ्या कूलरमध्ये उन्हाळ्यातले पाणी अजून असणार, हे मी पैजेवर सांगतो. डेंग्यूचा डास घरात-अंगणात साठलेल्या पाण्यातच वाढतो, तेव्हा उत्तर नंतर लिही, टाकी आधी घासून काढ.

तुझा,
भाऊराव