मुलीस पत्र : महासत्तेने काय सोडावे?

चि. बाळ हीस अनेक आशीर्वाद.

अमेरिकेने येत्या वीस वर्षांसाठी कोणते परराष्ट्र धोरण स्वीकारावे, या विषयावरचा तुझा निबंध मी दोनदा वाचला. युरोपचे संरक्षण, तैवानच्या बाबतीत चीनला आवर, पश्चिम आशियात स्थैर्य आणि जगभर लोकशाहीचा प्रसार ही चारही उद्दिष्टे तू तळमळीने मांडली आहेस. परंतु दोन ठिकाणी एकाच वेळी संकट उभे राहिले तर आधी कोठे जायचे, याचे उत्तर मला त्यात सापडले नाही. आणि माझ्या मते धोरणाची सुरुवात तेथूनच होते.

विमानवाहू नौकांचेच घे. अमेरिकेकडे अशा 11 नौका आहेत हे तू लिहिलेस ते खरे. पण एक मोहिमेवर असते तेव्हा दुसरी गोदीत दुरुस्तीला लागलेली असते आणि तिसरीवरचे खलाशी सराव करीत असतात, त्यामुळे एका वेळी साधारण तिसरा हिस्साच हाताशी असतो. तुझी सारी उद्दिष्टे त्या तीन-चार नौकांच्या भरवशावर उभी आहेत.

अमेरिकन मुत्सद्दी जॉर्ज केनन यांनी 1946 च्या फेब्रुवारीत मॉस्कोहून पाठवलेल्या, सोव्हिएत धोरणाबद्दल सावध करणाऱ्या तारेचा तू उल्लेख केलास, पण त्यांचा पुढचा हिशेब मात्र तुझ्या निबंधातून सुटला. आधुनिक युद्ध पेलण्याइतके औद्योगिक बळ जगात पाचच ठिकाणी आहे, असे ते मानत: अमेरिका, ब्रिटन, ऱ्हाइनचे खोरे धरून जर्मनी, जपान आणि सोव्हिएत संघ. यांतले एक मॉस्कोकडे आहेच, उरलेली तिकडे जाऊ द्यायची नाहीत, एवढाच त्यांचा आग्रह होता. अध्यक्ष ट्रुमन यांनी 12 मार्च 1947 रोजी ग्रीस आणि तुर्कस्तानसाठी 40 कोटी डॉलर मागताना मात्र दडपशाहीला तोंड देणाऱ्या सर्वच स्वतंत्र जनतेला आधार देण्याची भाषा वापरली, आणि त्या आखीव यादीची कुंपणे हळूहळू नाहीशी झाली. व्हिएतनाम त्या पाचांत कोठेच बसत नव्हता. तेथे 58 हजारांहून अधिक अमेरिकन सैनिक मेले, आणि व्हिएतनामी माणसे तर कितीतरी पटींनी अधिक. केनन यांनी 1966 मध्ये सिनेटच्या समितीपुढे त्या युद्धाविरुद्ध साक्ष दिली, हे वाचताना मला आजही हळहळ वाटते.

धोरण कसे निवडावे याचा मला सर्वांत पटलेला दाखला 1953 चा आहे. स्टॅलिन यांच्या मृत्यूनंतर अध्यक्ष आयझेनहॉवर यांनी तीन गट नेमले, आणि प्रत्येकाला एकेकच बाजू पूर्ण ताकदीने मांडायला सांगितली: सोव्हिएत विस्तार रोखत राहणे, सीमारेषा आखून ती ओलांडल्यास अण्वस्त्रयुद्धाचा धाक घालणे, किंवा सोव्हिएत सत्तेला मागे रेटणे. परराष्ट्र खात्यात ज्यांना त्या वर्षी जागा उरली नव्हती, त्या केनन यांच्याकडेच पहिला गट दिला गेला. 16 जुलैला तिन्ही बाजू ऐकून घेऊन अध्यक्षांनी स्वतः समारोप केला, आणि पुढे मुख्यतः रोखण्याचेच धोरण, अण्वस्त्रांवर अधिक भिस्त ठेवून, स्वीकारले गेले. खर्चाचा विचार त्यांच्या मनात सतत होता. एका अवजड बाँबफेकी विमानाच्या किमतीत तीसहून अधिक शहरांत एकेक पक्की शाळा उभी राहते, असे त्यांनी त्याच एप्रिलमध्ये जाहीर भाषणात सांगितले होते.

तरीही एक चूक झालीच. मागे रेटण्याचा पर्याय बाजूला ठेवला गेला, पण पूर्व युरोपच्या मुक्ततेची भाषा चालूच राहिली. 1956 मध्ये सोव्हिएत वर्चस्वाविरुद्ध हंगेरीच्या राजधानीत, बुडापेस्टच्या रस्त्यांवर उतरलेल्यांपैकी अनेकांना मदत येईल असे वाटत होते; 4 नोव्हेंबरला सोव्हिएत रणगाडे शहरात शिरले आणि वॉशिंग्टनने सैन्य पाठवले नाही. लोकशाहीच्या प्रसारावरचा तुझा परिच्छेद वाचताना मला ती माणसे आठवली.

मी तुझ्या जागी असतो तर युरोप आणि पूर्व आशियातील मित्रराष्ट्रांना दिलेला शब्द पाळला असता, युरोपचा अधिक भार युरोपवर सोपवला असता, आणि इतरांची सरकारे बदलण्याचे काम यादीतून खोडले असते. अफगाणिस्तानातील वीस वर्षांनंतर मला ते समर्थनीय वाटत नाही. तुझे मत वेगळे असू शकेल. पुढच्या मसुद्यात चारही उद्दिष्टांना क्रम दे, आणि चौथ्यासमोर ते सोडल्यास कोणाचे काय नुकसान होईल ते स्पष्ट लिही. तो मसुदा वाचण्याची मी वाट पाहत आहे.

तुझा,
बाबा