‘फरांग’ नव्हे, आपलाच फिरंगी

मा. संपादक,

रविवारच्या पुरवणीत थायलंडवरच्या लेखाशेजारी जी चौकट होती, ती कोणी तपासली होती का? थाई लोक गोऱ्या परदेशी माणसाला जे म्हणतात, त्याबद्दल ‘फरांग हा शब्द फ्रेंचांवरून पडला’ असं छापताना फिरंगी हा शब्द एकालाही आठवू नये? शिवकालीन कागदांत पोर्तुगीजांना फिरंगी म्हणणारी भाषा आपली. लांब सरळ पात्याच्या तलवारीलाही फिरंगच म्हणायचे. असो.

मूळ ‘फ्रँक’, पश्चिम युरोपातल्या एका जुन्या जमातीचं नाव. अरबांनी त्याचं इफ्रंज केलं, इराण्यांनी फरंग. इराणी आणि इतर मुसलमान व्यापाऱ्यांबरोबर तो आपल्याकडे आला, तसाच अयुथ्थयाला, म्हणजे थाईंच्या तेव्हाच्या राजधानीलाही गेला. पोर्तुगीज तिथे १५११ साली पोचले, फ्रेंच मिशनरी १६६२ मध्ये. मधली दीडशे वर्षं पोर्तुगीजांना नाव न देता थाई लोक फ्रेंचांची वाट बघत बसले होते की काय? फ्रान्सला थाईत ‘फरङ्सेत’ म्हणतात, त्यावरून हा घोटाळा होतो.

आता उच्चार. ‘फरांग’मधला आ कुठून काढलात? दोन्ही अक्षरं ऱ्हस्व. फ ‘कॉफी’तला. शेवटी ‘वाङ्मया’तला ङ्, त्यापुढे ग नाही. म्हणजे फरङ्. थाईत प्रत्येक अक्षराला ठरलेला सूर असतो; इथे दोन्ही अक्षरांवर सूर खालचा. नवशिके इथेच फसतात. या शब्दात ‘र’वर सूर दाखवणारी ‘माय एक’ ही खूण आहे; एरवी ‘र’वर ती आली की सूर वरून खाली घसरतो. पण थाईत सुरासाठी व्यंजनांचे वर्ग पाडलेले आहेत आणि इथे आधीचं ‘फ’ त्यातल्या ‘वरच्या’ वर्गातलं व्यंजन, ते ‘र’ला आपल्या नियमाने चालवतं, म्हणून सूर खालीच राहतो. बोलताना र चा ल होऊन ‘फलङ्’ ऐकू येतं, ती चूक नव्हे.

‘हा शब्द म्हणजे शिवी’ हेही तुमचंच. याच शब्दाचा अर्थ पेरूही होतो. बटाटा म्हणजे ‘मन् फरङ्’, फिरंगी कंद. च्युइंगगमला तर ‘माक् फरङ्’ म्हणतात, म्हणजे फिरंगी सुपारी! एवढ्या सगळ्या शिव्या बाजारात तागडीवर? शिवी हवीच असेल तर ‘फरङ् खी नोक’ आहे. खी नोक म्हणजे पाखराची विष्ठा. त्या नावाचा एक छोटा पेरूही मिळतो.

आणि भारतीय पर्यटकांना तिथे फरङ् म्हणत नाहीत. तो शब्द गोऱ्यांसाठी. आपण, मलय आणि अरब ‘खॅक’, शब्दशः पाहुणे.

जाता जाता, त्याच पानावर तीनदा ‘फुकेट’. थाई उच्चारात ट नाहीच, ते फूकेत. आणि तिथला फ मात्र ‘फळा’तला, ओठ मिटून म्हणायचा. इंग्रजी स्पेलिंग वाचून थाई लिहिलं की असं होतं. देवनागरीत त आहे, छापायला ट पेक्षा महाग पडत नाही.

आपला,
एक जुना वर्गणीदार