आईच्या डोळ्यासाठी धावलेल्या अनोळखी माणसांनो

मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर चौथ्या दिवशी आईचा डोळा ठणकायला लागला. लाल झाला, दिसणंही कमी झालं. आम्हाला वाटलं धूळ गेली असेल, उद्या बघू. अंबाजोगाईच्या औषध दुकानातल्या दादांनी मात्र थेंब द्यायला साफ नकार दिला. "ऑपरेशन झालेला डोळा आहे ताई, आजच लातूर गाठा." दादा, त्या नकाराचे आभार.

कंडक्टरताईंनी आईला पुढची सीट दिली. लातुरात रिक्षावाल्या मामांनी दवाखान्याच्या दारात सोडलं आणि पैसे घेतले नाहीत.

आणि सिस्टर, तुम्ही. रात्रपाळीच्या घाईतही तुम्ही मला नीट समजावलंत. जंतू डोळ्याच्या आत, भिंगामागच्या जेलीसारख्या भागात शिरले होते. याला एंडॉफ्थॅल्मायटिस म्हणतात. रक्त आणि डोळ्याचा पडदा यांच्यात नैसर्गिक अडसर असतो, त्यामुळे गोळ्या-सलाईनचं औषध तिथं पुरेसं पोचत नाही, वरून टाकलेले थेंबही नाही. म्हणून आतला थोडा द्रव तपासणीला काढून व्हँकोमायसिन १ मिलिग्रॅम आणि सेफ्टाझिडाइम २.२५ मिलिग्रॅम ही जंतू मारणारी औषधं इंजेक्शननं थेट डोळ्यात सोडतात. नुसता उजेडच कळत असता, तर आतली जेली काढण्याचं ऑपरेशन, विट्रेक्टॉमी, लगेच करावं लागलं असतं. आईला हात हललेला दिसत होता, म्हणून इंजेक्शनवर भागलं.

डोळ्यात सुई म्हटल्यावर माझे पाय गळाले. तुम्ही आईचा हात शेवटपर्यंत धरून होतात.

परवा आईनं सुपातल्या ज्वारीतला खडा स्वतः वेचून काढला.