धारावीचा नकाशा भिंतीवरून उतरवता येईल असा हवा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

धारावीत रहिवाशांच्या हातून वस्तीचा इतिहास सांगणारी भित्तिचित्रे करून घ्यावीत, अशी सूचना अधूनमधून होत असते. सूचना रास्तच आहे. 2015 च्या धारावी बिनाले या कलाप्रदर्शनात आरोग्य आणि पुनर्वापर या विषयांवर स्थानिकांनी केलेल्या कलाकृती ज्यांनी पाहिल्या, त्यांना ती पटवून द्यावी लागणार नाही. पण जी भिंत पुनर्विकासात पडायची आहे तिच्यावर इतिहास रंगवला, तर तो डेब्रिजच्या ट्रकमधून जाईल. शिवाय खाडीकाठच्या भिंतींना लोणा लागतो. ओल वर चढते, मीठ फुलते आणि ऑइलपेंटचे पापुद्रे सुटतात. म्हणून आमचे म्हणणे असे की, हा इतिहास वस्तीच्या नकाशाच्या रूपात मांडावा, तो नकाशा धारावीच्याच कुंभारवाड्यात भाजलेल्या मातीच्या टाइलांचा करावा आणि स्क्रू काढून दुसरीकडे नेता येईल अशा तुकड्यांत बसवावा.

नकाशात काय यावे हे रहिवाशांनीच ठरवावे, पण जागा आणि त्यामागचे कारण दोन्ही यावे. चामड्याचा धंदा इथे का वाढला? कत्तलखाना पलीकडे वांद्र्याला होता आणि कातडी कमावणारी तमिळ कुटुंबे इथे वसली. 1971 मध्ये कत्तलखाना देवनारला गेला, कमावण्याचे काम आटले, शिलाईचे राहिले. धारावीतल्या काळ्या किल्ल्यावर मुंबईचा इंग्रज गव्हर्नर जॉन हॉर्न याच्या नावाचा 1737 चा शिलालेख आहे. सौराष्ट्रातून आलेल्या कुंभारांच्या भट्ट्या, कोळीवाडा, आणि पूर्वीच्या कचराभूमीवर उभे राहिलेले 37 एकरांचे महाराष्ट्र निसर्ग उद्यान, हे सगळे एकाच मिठी नदीच्या काठाने जोडलेले आहे.

26 जुलै 2005 ची पूररेषा तर यायलाच हवी. त्या दिवशी सांताक्रूझला 944 मिलिमीटर पाऊस झाला. इथे एक चूक हमखास होते. लोक ‘कमरेएवढे पाणी होते’ म्हणून हात लावून दाखवतात, पण त्यानंतर घरांच्या जमिनी आणि गल्ल्या भर घालून उंच केलेल्या असतात. आजच्या जमिनीपासून मोजले तर दोन शेजाऱ्यांच्या रेषा जुळत नाहीत. तेव्हाची जमीन किती खाली होती ते आधी विचारावे आणि मग गवंडी वापरतात त्या पाण्याच्या पारदर्शक नळीने सगळ्या खुणा एकाच पक्क्या बिंदूशी ताडून घ्याव्यात.

आता माती. भाजल्यावर 20 सेंटिमीटरची टाइल हवी असेल, तर ओली टाइल सुमारे 22 सेंटिमीटर कापावी लागते. नेमका आकडा मातीवर ठरतो. ओल्या पट्टीवर 10 सेंटिमीटरची रेघ ओढावी, पट्टी भाजून पुन्हा मोजावी, रेघ 9.2 भरली तर आकुंचन 8 टक्के. मूळ रेखाटन त्याच हिशेबाने मोठे करून मगच कापायला घ्यावे. मातीत 15 ते 20 टक्के भाजक्या फुटक्या भांड्यांची भरड मिसळावी, नाहीतर टाइल वाकते. जाडी 12 मिलिमीटर, चित्राचा उठाव (टाइलच्या पृष्ठभागावर वर आलेला भाग) 5 मिलिमीटरपेक्षा जास्त नको. जाड-पातळ जागा वेगवेगळ्या वेगाने सुकतात आणि सांध्यावर तडकतात. कडा आधी सुकून वर उचलतात, म्हणून दोन फळ्यांमध्ये वर्तमानपत्र घालून, रोज उलटून, सावलीत आठ-दहा दिवस सुकवावे. पावसाळ्यात याच्या दुप्पट. ओल राहिली तर टाइल भट्टीत फुटते आणि शेजारच्या चार घेऊन जाते.

तिवराच्या पानांचे ठसे सुंदर उठतात. पाने गळलेलीच घ्यावीत आणि धुऊन घ्यावीत. तिवर पानांतून मीठ बाहेर टाकतो आणि ते मातीत राहिले तर भाजल्यावर पांढरी झाक येते. भट्टीत कृत्रिम धाग्यांच्या चिंध्या घालू नयेत, त्यांचा धूर आसपासच्या घरांतच जातो. स्वच्छ इंधनाचा जादा खर्च आणि कुंभारांची मजुरी अंदाजपत्रकात पहिल्या ओळीत असावी.

अक्षरे मराठी, गुजराती, तमिळ, उर्दू, हिंदी अशी सगळी हवीत, निदान 4 सेंटिमीटर उंचीची. अक्षरे ठशाने उठवायची, तर ठशावर ती उलटी कोरावी लागतात. चुकीच्या सॉफ्टवेअरमध्ये उर्दू अक्षरे सुटी होऊन डावीकडून उजवीकडे लागतात. ती लिपी वाचणाऱ्याने ओल्या मातीवरच तपासावे.

बसवताना 3 × 3 टाइलांचा एक, असे 18 फलक धरले (सहा रांगेत, तीन थर), तर 162 टाइल लागतात. 200 कराव्यात. प्रत्येकीच्या मागे ओलेपणीच खाचा पाडून क्रमांक कोरावा. सिमेंट फायबर बोर्डवर 5 मिलिमीटर फट ठेवून चिकटवल्यावर एक फलक सुमारे 15 किलोचा होतो, दोघांना सहज उचलता येतो. फलकात जिथे चार टाइलांचे कोपरे मिळतात अशा चार जागा असतात. तिथले कोपरे थोडे छाटून स्टेनलेस स्टीलचे स्क्रू घालावेत, साधे स्क्रू खाडीच्या हवेत गंजून तपकिरी ओघळ आणतात. भोके चुन्याने बुजवावीत. सिमेंटने बुजवली तर काढताना टाइल फुटेल. भिंत आणि बोर्ड यांत 2 सेंटिमीटर पोकळी, आणि खालची कड जमिनीपासून दोन फूट वर.

फलक उतरवल्यावर कुठे जाणार, ते बसवण्याआधीच लेखी ठरावे. उरलेल्या टाइल, रेखाटन आणि क्रमांकांची यादी जवळच्या महापालिका शाळेत ठेवावी.

आपले,
मातीकाम आणि भित्तिचित्रे करणारे काही वाचक, मुंबई