विंडो दिसत नाही म्हणून थेट फॉरमॅट?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

सोलापूरच्या पूर्व भागातल्या यंत्रमाग कारखानदारांना चादर-टॉवेलची जेकार्ड, म्हणजे विणतानाच उमटणाऱ्या नक्षीची, डिझाइन करून देणं हा माझा धंदा. ग्राफपेपरवर पेन्सिलीनं चौकोन भरायचो, आता सगळं संगणकावर. त्यामुळे गल्लीत कुणाचा संगणक अडला की हाक मलाच येते, "काका, सॉफ्टवेअर उघडना की ओ!" आयकॉनवर डबल-क्लिक केलं की गोल चक्र क्षणभर फिरतं आणि पुढं सगळं शांत. विंडो नाही, काय बिघडलं ते सांगणारी एक ओळही नाही. अशा वेळी आपल्याकडचे बहुतेक दुरुस्तीवाले एकच औषध देतात, फॉरमॅट, म्हणजे सगळं पुसून विंडोज नव्यानं टाकायचं. त्या सवयीबद्दल हे पत्र आहे.

मध्यंतरी अशोक चौकाजवळच्या एका कारखान्यात हेच झालं. दुरुस्तीवाला विंडोज टाकायचा पेन ड्राइव्ह लावून तयार बसलेला. मी टास्कबारकडं पाहिलं, तर त्या सॉफ्टवेअरच्या आयकॉनखाली बारीक रेघ होती. त्यावर माऊस नेला तर छोटं चित्र वर आलं आणि त्यात टॉवेलची बॉर्डर चौकोनांसकट दिसत होती. म्हणजे प्रोग्राम ठणठणीत चालू, विंडो तेवढी पडद्याबाहेर. गिऱ्हाइकाला डिझाइन दाखवायला मालकांनी भिंतीवर टीव्ही लावलाय. टीव्ही रिमोटनं बंद केलेला, पण केबल संगणकातच. विंडोजच्या लेखी दुसरा पडदा जागेवर होता आणि सॉफ्टवेअर आदल्या दिवशीच्या जागी, म्हणजे त्या काळ्या टीव्हीवर, इमानदारीत उघडत होतं!

उपाय कीबोर्डवरच असतो. ऑल्ट-टॅबनं तो प्रोग्राम निवडायचा. मग ऑल्ट आणि स्पेसबार दाबून एम दाबायचं, एखादी बाणाची कळ एकदा दाबायची आणि माऊस हलवायचा. विंडो माऊसला चिकटून पडद्यावर येते. ती मोठी केलेली असेल तर एम चालत नाही, आधी आर दाबावं लागतं. दुसरा पडदा जोडलेला असेल तर विंडोज-शिफ्ट आणि डावा किंवा उजवा बाण एवढ्यानंही काम होतं. आमच्या दुरुस्तीवाल्यानं पेन ड्राइव्ह काढून खिशात घातला. व्हिजिटचे पैसे मात्र घेतले, तो त्याचा हक्कच.

छोटं चित्रही येत नसेल तर कंट्रोल-शिफ्ट-एस्केप दाबून टास्क मॅनेजर उघडावा. कित्येकदा तिथं प्रोग्रामचं नाव असतं, पण तो आतल्या आत अडकलेला असतो. पुष्कळ सॉफ्टवेअर एका वेळी एकदाच चालतात. आधीचा अडकलेला दिसला की नवा गुपचूप माघारी फिरतो, आणि आपण आयकॉन बडवत राहतो. तो अडकलेला 'एंड टास्क' करून पुन्हा उघडावं. यादीत नावच नसेल तर प्रोग्राम सुरू होतानाच पडलाय असं समजावं. मग अँटिव्हायरसनं एखादी फाइल उचलून बाजूला ठेवलीय का, जुन्या सॉफ्टवेअरला लागणारा डोंगल, म्हणजे संगणकाला लावायची परवान्याची किल्ली, नीट बसलाय का, हे पाहावं. इव्हेंट व्ह्यूअर या विंडोजच्या नोंदवहीत 'ॲप्लिकेशन'खाली त्या वेळची लाल खुणेची नोंद बहुतेकदा सापडते आणि कोणत्या फाइलपाशी गाडी अडली त्याचं नावही तिथं असतं. ही नोंद वाचणारा दुरुस्तीवाला मला अजून भेटायचाय.

माझी पुतणी इंजिनीअरिंगला आहे, लिनक्सवर काम करते. घरून एसएसएचनं, म्हणजे दुरून दुसऱ्या संगणकावर काम करायच्या सोयीनं, कॉलेजच्या संगणकावर जाऊन चित्रांचा प्रोग्राम चालू केला की तिचीही विंडो येत नाही. पण टर्मिनलवर, म्हणजे आज्ञा टाइप करायच्या विंडोत, 'कॅनॉट ओपन डिस्प्ले' अशी ओळ उमटते. विंडो कोणत्या पडद्यावर काढायची हे प्रोग्रामला कळलेलं नाही, एवढं त्यावरून समजतं. ती बाहेर पडून 'एसएसएच'च्या पुढं आडवी रेघ आणि मोठा एक्स (-X) लावून परत शिरते आणि विंडो तिच्या लॅपटॉपवर येते. तिला निदान कारण तरी कळतं. आम्हा आयकॉनवाल्यांना तेही नाही.

मागावर ताण्याचा, म्हणजे उभा, एक धागा तुटला म्हणून कुणी त्या धाग्यांचा आख्खा बीम कापून टाकत नाही, मग संगणकावरच हा राग का? फॉरमॅटमध्ये सी ड्राइव्ह पुसला जातो, आणि डेस्कटॉपवर ठेवलेल्या फाइल साधारणपणे सी ड्राइव्हवरच असतात, हे आपल्याकडं फार थोड्यांना ठाऊक आहे. कारखान्यांत वर्षानुवर्षांची डिझाइन डेस्कटॉपवर पडलेली मी पाहतो. ती गेली की जुन्या टॉवेलचा तुकडा शोधा, भिंगाखाली धरा आणि एकेक चौकोन परत भरा. हे काम शेवटी माझ्याकडंच येतं, पैसेही मिळतात, पण असले पैसे नकोत.

शहरातल्या संगणक वर्गांना विनंती की पत्र टाइप करायला आणि तक्ते करायला शिकवता, तसा एखादा तास या गोष्टीलाही द्या. आणि सॉफ्टवेअर लिहिणाऱ्यांना, ज्यांतले कितीतरी आपल्याच जिल्ह्यातून पुण्याला गेलेत, एक सांगणं आहे. उघडताना मागची जागा आठवता, तेव्हा ती जागा आत्ता चालू असलेल्या पडद्यावर येते का तेही तपासा. येत नसेल तर विंडो मुख्य पडद्याच्या मधोमध काढा. आणि उघडताच येत नसेल तर का, ते एका ओळीत लिहा, जमल्यास मराठीत.

आपला,
एक जेकार्ड डिझाइनर, साखर पेठ, सोलापूर